एडिनबर्गची कविता वेल्समध्ये कशी जपली गेली

वेल्श भाषेतली सगळ्यात जुनी म्हणून जी मोठी कविता सांगतात, तिच्यात वेल्स जवळजवळ नाहीच. ती आहे एडिनबर्गच्या योद्ध्यांवर, म्हणजे आज जी स्कॉटलंडची राजधानी आहे तिथल्या माणसांवर. साधारण इसवी सन 600 च्या आसपास तिथल्या दरबारात 300 निवडक योद्धे वर्षभर मीड, म्हणजे मधाची दारू, पीत मेजवान्या करतात आणि मग जवळपास 200 किलोमीटर दक्षिणेला काट्राइथ नावाच्या ठिकाणावर चालून जातात आणि तिथे एक सोडून सगळे धारातीर्थी पडतात. काट्राइथ म्हणजे यॉर्कशरमधलं आजचं कॅटरिक, असं बहुतेक अभ्यासक धरतात. कवितेचं नाव ‘गोदोदिन’, तेच त्या लोकांचंही नाव, आणि कवी अनेइरिन. कविता म्हणजे एकसलग गोष्ट नाहीये, एकेका पडलेल्या माणसासाठी एकेक कडवं आहे, त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, तो कसा लढला आणि त्याने मीडची किंमत जीव देऊन कशी फेडली.

मग एडिनबर्गची माणसं वेल्श कशी काय बोलत होती? खरं सांगायचं तर तेव्हा वेल्श अशी वेगळी भाषा नुकतीच घडायला लागली होती. सुमारे 410 साली रोमन सत्तेने ब्रिटनमधून गाशा गुंडाळला तेव्हा ग्लासगोजवळच्या क्लाइड नदीपासून पार खाली कॉर्नवॉलपर्यंत सामान्य माणूस ब्रिटॉनिक बोलत होता, थोडेफार फरक असतील पण भाषा एकच. त्या एका भाषेतून पुढे वेल्श, कॉर्निश, फ्रान्सच्या टोकाची ब्रेटन आणि उत्तरेतली कंब्रिक अशा चार शाखा निघाल्या, त्यातली कंब्रिक साधारण बाराव्या शतकापर्यंत संपली. म्हणजे सहाव्या शतकात एडिनबर्गचा माणूस आणि वेल्सच्या अँगल्सी बेटावरचा माणूस एकमेकांशी आरामात बोलू शकत असणार.

आपल्याकडे, आणि इंग्लंडमध्येही, एक सोपी गोष्ट सांगितली जाते की अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्रजांचे पूर्वज, आले, मूळचे ब्रिटन, म्हणजे ब्रिटॉनिक बोलणारे लोक, पळाले आणि वेल्सच्या डोंगरात जाऊन लपले. ही गोष्ट मला अजिबात पटत नाही कारण वेल्समधले लोक कुठून पळून आलेले नव्हते, ते तिथेच होते, आणि उत्तरेतलेही तिथेच होते आणि त्यांची राज्यं काही शतकं टिकली. आजच्या लीड्स शहराच्या आसपास एल्मेट होतं, ते सातव्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थम्ब्रिया या उत्तरेतल्या इंग्रज राज्याच्या एडविन राजाने गिळलं (तिथल्या काही गावांच्या नावात एल्मेट अजून आहे). त्याच्या वायव्येला कुठेतरी रेगेद, जिथल्या उरियन राजाने इंग्रजांना लिंडिसफार्न बेटावर कोंडलं होतं पण आपल्याच बाजूच्या मॉर्कंट राजाने मत्सरापोटी त्याचा खून करवला. एडिनबर्गला गोदोदिन. आणि क्लाइडच्या काठी आल्ट क्लूट, ज्याला नंतर स्ट्रॅथक्लाइड म्हणायला लागले. वेल्श परंपरेत या सगळ्या पट्ट्याला ‘जुनी उत्तर’ म्हणतात, आणि तिथे हे नाव आजही जिवंत आहे.

आता परत कवितेकडे, कारण खरी गंमत तिच्यात आहे. कविता आपल्या हातात आलीय ती एकाच हस्तलिखितातून आणि ते तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वेल्समध्ये लिहिलेलं आहे. म्हणजे लढाई आणि कागद (कागद कसला, चामडं) यांच्यात साडेसहाशे वर्षांचं अंतर. मग विश्वास कसा ठेवायचा? इथे अभ्यासकांनी जे काम केलंय ते एखाद्या तपास अधिकाऱ्याने करावं तसं आहे. हस्तलिखितात दोन लेखनिकांचे हात आहेत. पहिल्याने सगळं आपल्या काळाच्या स्पेलिंगमध्ये उतरवलं. दुसऱ्याने मात्र काही कडवी नवव्या-दहाव्या शतकात वेल्श जसं लिहायचे तशीच ठेवली, म्हणजे त्याच्यासमोर तेवढी जुनी प्रत होती हे नक्की, कारण तेराव्या शतकातला माणूस स्वतःहून तीनशे वर्षांपूर्वीचं स्पेलिंग बनवून लिहीत नाही.

दुसरा धागा त्याहून भारी आहे. कवितेच्या मध्येच एक कडवं असं आहे की ज्याचा काट्राइथशी काही संबंधच नाही, त्यात दाल रियाडा या गेलिक राज्याचा राजा डोम्नाल ब्रेक मारला गेलाय आणि कावळे त्याच्या डोक्याला टोची मारतायत. हीच घटना आयर्लंडमधल्या साधूंनी ठेवलेल्या वार्षिक नोंदींमध्ये आहे, 642 साल, स्ट्रॅथकॅरनची लढाई, मारणारा ब्रिटनांचा राजा ओवेन. वेल्श कविता आणि आयरिश नोंदवही, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही आणि दोघं एकच गोष्ट सांगतात, आणि ती घडली मध्य स्कॉटलंडमध्ये! एवढ्यावरून सगळी कविता 600 सालचीच आहे असं सिद्ध होत नाही, बरीच कडवी नंतर रचलेली आहेत असं मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या मुद्द्यांतही दम आहे. पण उत्तरेतला मजकूर, उत्तरेच्या आठवणीसकट, वेल्समध्ये पोचला होता यात मला शंका वाटत नाही.

आणि त्याच हस्तलिखितात, एवढ्या मरणाच्या कडव्यांमध्ये, एक अंगाईगीतही येऊन बसलंय. दिनोगाद नावाच्या बाळाला आई सांगते की तुझं अंगडं मार्टेनच्या (मुंगसासारखा एक लहान प्राणी) कातड्याचं आहे ठिपक्याठिपक्यांचं, तुझे बाबा शिकारीला जायचे तेव्हा खांद्यावर भाला, हातात सोटा, कुत्र्यांना हाका मारत जायचे, आणि येताना हरीण, रानडुक्कर, डोंगरातला पक्षी, देरवेनिदच्या धबधब्यातला मासा आणायचे. उत्तर इंग्लंडमध्ये डरवेंट नावाच्या नद्या आहेत, त्यातल्याच एखादीवरचा हा धबधबा असणार. कोणीतरी लेखनिकाने जवळ होतं म्हणून उतरवून ठेवलं आणि त्यामुळे आज आपल्याला त्या राज्यांमधल्या राजांशिवाय एक आई पण ऐकू येते. मला तर या सगळ्या हस्तलिखितात सगळ्यात मौल्यवान हेच वाटतं.

शब्दांवर भरवसा नसेल तर दगड आहेत. एडिनबर्ग एअरपोर्टला लागूनच कॅटस्टेन नावाचा एक शिलालेख उभा आहे, पाचव्या-सहाव्या शतकातला, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की या थडग्यात व्हिक्ट्रिसियसची मुलगी व्हेटा आहे. आजूबाजूला दगडी पेट्यांमध्ये पुरलेल्या माणसांचं ख्रिश्चन पद्धतीचं स्मशान सापडलंय. आता खाली वेल्सला या, तिथे याच धाटणीचे, ‘अमुकचा मुलगा तमुक इथे आहे’ असं लॅटिनमध्ये सांगणारे शंभराच्या वर दगड आहेत. अँगल्सीवर लानगाडवालडर गावच्या चर्चच्या भिंतीत बसवलेला एक आहे, त्यावर राजा कातामानुस, सगळ्या राजांमध्ये सर्वात शहाणा आणि सर्वात नामवंत, असं लिहिलंय. हा वायव्य वेल्समधल्या ग्विनेद राज्याचा काडवान, साधारण 625 च्या सुमारास वारलेला, आणि अक्षरं बघितली तर रोमन शिलालेखातली मोठी अक्षरं आणि हस्तलिखितातली गोलसर अक्षरं यांची सरमिसळ आहे, म्हणजे कोरणाऱ्याला पुस्तकांची चांगली ओळख होती. याच काडवानचा मुलगा कॅडवॉलन, ज्याने 633 साली मर्शिया या मध्य इंग्लंडमधल्या राज्याच्या पेंडाला सोबत घेऊन त्या एल्मेट गिळणाऱ्या एडविनला ठार केलं आणि पुढे नॉर्थम्ब्रियात घुसून वर्षभर धुमाकूळ घातला. वेल्सचा राजा थेट उत्तर इंग्लंडमध्ये! वेल्स आणि उत्तरेचं राजकारण तेव्हा एकमेकांत किती गुंतलेलं होतं ते यावरून कळतं.

सगळ्यात जास्त टिकलं ते स्ट्रॅथक्लाइड. त्याची राजधानी डंबार्टनचा खडक, क्लाइडच्या काठावर एकदम उभा राहिलेला, दोन शिखरांचा, विझलेल्या ज्वालामुखीचा घट्ट झालेला गाभा, उंची साधारण 70 मीटर. तिथे 1974-75 मध्ये पुरातत्त्वज्ञ लेस्ली अल्कॉक यांनी खोदकाम केलं तेव्हा लाकूड आणि दगडमातीची जळालेली तटबंदी निघाली, आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांचे तुकडे निघाले, म्हणजे रोमन गेल्यावर सगळं अंधारात गेलं असं जे म्हणतात त्या काळात या खडकावर दक्षिणेकडची वाइन नाहीतर तेल येत होतं. 870 मध्ये डब्लिनच्या व्हायकिंगांनी, ओलाफ आणि आयव्हर या दोन राजांनी, खडकाला वेढा घातला, चार महिने, आणि एका आयरिश नोंदीनुसार आतल्या विहिरीचं पाणी तुटलं, तहानेने माणसं गळाली तेव्हा गड पडला. पुढच्या वर्षी ते दोघं 200 जहाजं घेऊन डब्लिनला परतले, जहाजांत इंग्रज, ब्रिटन आणि पिक्ट (उत्तर स्कॉटलंडमधले लोक) कैदी भरलेले, गुलाम म्हणून विकायला. आणि बघा, वेल्समध्ये ठेवलेल्या लॅटिन नोंदवहीत पण 870 ला एक ओळ आहे की आल्ट क्लूटचा गड परकीय धर्माच्या लोकांनी फोडला. एवढ्या लांबच्या गडाची बातमी वेल्समध्ये नोंदवावीशी वाटली.

राज्य मात्र बुडालं नाही, केंद्र नदीच्या वरच्या अंगाला गव्हनला सरकलं, जे आता ग्लासगो शहराच्या आत आहे. तिथल्या जुन्या चर्चमध्ये त्या काळचे कोरीव 31 दगड आहेत, त्यात एक अख्खी दगडी शवपेटी, जी 1855 मध्ये चर्चच्या आवारात खोदताना सापडली. दहाव्या शतकात हे लोक दक्षिणेला वायव्य इंग्लंडमधल्या आजच्या कंब्रियापर्यंत पसरले, आणि कंब्रिया हे नाव आणि वेल्श लोक स्वतःला म्हणतात ते कमरी हे नाव एकाच मुळातलं, अर्थ ‘एका देशातले आपण सगळे’. 1018 मध्ये कारमच्या लढाईत ओवेन नावाचा राजा स्कॉटांच्या बाजूने लढला, तो या घराण्याचा आपल्याला नावाने माहीत असलेला बहुतेक शेवटचा राजा.

मग वेल्सवाल्यांनी हे सगळं एवढं जपलं का? प्रेम होतंच, पण राजकारणही होतं. 829-30 च्या सुमारास ग्विनेदमध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या ब्रिटनांच्या इतिहासात असं येतं की क्युनेदा नावाचा पुरुष आठ मुलांना घेऊन गोदोदिनच्या मुलखातून वेल्सला आला, त्याने आयरिशांना हाकललं आणि तोच ग्विनेदच्या राजांचा मूळपुरुष. घटना खरी धरली तर ती लिहिण्याच्या जवळजवळ चारशे वर्षं आधीची. तेव्हा ग्विनेदच्या गादीवर मेरविन नावाचा नवीन माणूस आलेला होता, त्याचं घराणं जुनं नव्हतं, आणि त्याच्या वंशजांनी स्वतःची वंशावळ उत्तरेतल्याच राजांशी नेऊन जोडली. नव्या राजाला जुनं कुळ लागतंच. म्हणून क्युनेदाच्या स्थलांतराची गोष्ट मी जशीच्या तशी घेणार नाही, पण उत्तरेशी नातं सांगणं वेल्समध्ये मानाचं होतं ही गोष्ट त्यातून पक्की होते.

हे नातं रक्तात शोधायला गेलं तर वेगळंच दिसतं. 2015 मध्ये ब्रिटनच्या ग्रामीण भागातल्या 2,039 लोकांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच परिसरात जन्मलेले असे लोक मुद्दाम निवडलेले, आणि त्यात ‘केल्टिक’ असा एकच गट सापडलाच नाही, वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड सगळे आपापले वेगळे, इतकंच काय उत्तर वेल्स आणि दक्षिण वेल्सही वेगळे. 2022 मध्ये मध्ययुगीन सांगाड्यांचा मोठा अभ्यास आला, त्यात पूर्व आणि दक्षिण इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मध्ययुगातल्या लोकांमध्ये उत्तर समुद्रापलीकडून आलेला वंशाचा भाग 76 टक्क्यांपर्यंत निघाला. म्हणजे स्थलांतर खरं होतं, भरपूर होतं, पण नव्या-जुन्या लोकांची लग्नंही होत होती. वेल्स आणि स्ट्रॅथक्लाइड यांना बांधणारी दोरी ही भाषा, कविता आणि कायदा यांची होती, एका रक्ताची नव्हे.

कायद्याचा पुरावा तर अगदी हातात धरता येतो. स्कॉटलंडमध्ये ब्रिटन आणि स्कॉट यांच्यातले कायदे म्हणून एक जुना मजकूर शिल्लक आहे. त्यात माणूस मारला तर त्याच्या घरच्यांना किती भरपाई द्यायची याचे दर आहेत, राजासाठी 1,000 गायी आणि साध्या शेतकऱ्यासाठी 16. या भरपाईला तिथे एक शब्द आहे गाल्नेस, आणि वेल्सच्या कायद्यात अगदी याच गोष्टीला म्हणतात गालानास, तिथेही मारणाऱ्याच्या भाऊबंदांनी मेलेल्याच्या भाऊबंदांना द्यायची. स्ट्रॅथक्लाइडचं राज्य जाऊन अडीचशे वर्षं होत आली तरी हा रिवाज स्कॉटलंडमध्ये निदान कागदावर चालू होता. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने 1284 मध्ये वेल्स जिंकल्यावर तिथे खून-चोरीला इंग्लिश कायदा लावला, आणि 1305 मध्ये स्कॉटलंडसाठी जो हुकूमनामा काढला त्यात ब्रिटन आणि स्कॉट यांचा रिवाज यापुढे बंद असं लिहून टाकलं.