आज शिकलेलं उद्या आठवेल का? कीटकांच्या मेंदूतल्या एका एन्झाइमची परीक्षा

मधमाशीच्या स्पर्शिकेला साखरेच्या पाण्याचा थेंब लावला की ती लगेच सोंड बाहेर काढते. हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. पण थेंब देण्याच्या काही सेकंद आधी तिच्यावर एखादा वास सोडला आणि असं दोन-तीनदा केलं, तर पुढच्या वेळी नुसत्या वासानेच सोंड बाहेर येते. मधमाशीच्या स्मृतीविषयी जे काही कळलं आहे, त्यातलं बरंचसं या एवढ्याशा हालचालीवर उभं आहे. सोंड आली म्हणजे माशीला वास आठवला, हे मानायला फारशी हरकत नसते. सोंड आली नाही, तर त्याचा अर्थ काय लावायचा, हा मात्र अवघड प्रश्न आहे.

प्रयोगासाठी माशीला बर्फावर ठेवून थंड करतात. तिची हालचाल थांबली की तिला एका छोट्या नळीत बसवतात आणि मानेमागून चिकटपट्टीची बारीक पट्टी लावतात. डोकं, स्पर्शिका आणि सोंड तेवढी मोकळी राहते. माशी भुकेली असावी लागते, नाहीतर ती साखरेकडे बघतही नाही. मागच्या बाजूला हवा खेचणारा पंखा असतो, कारण आधीच्या फेरीचा वास रेंगाळला तर सगळा हिशेबच चुकतो. आणि चाचणी संपल्यावर प्रत्येक माशीच्या स्पर्शिकेला पुन्हा साखर लावून बघतात. जी माशी साखरेलाही सोंड काढत नाही ती थकलेली किंवा आजारी असते. तिला विसराळू ठरवणं चुकीचं, म्हणून तिची नोंद बाजूला काढतात. वाचताना ही पायरी किरकोळ वाटते, पण माझ्या मते साऱ्या प्रयोगाचा प्रामाणिकपणा तिच्यावर अवलंबून आहे.

स्मृती ही एकसंध गोष्ट नाही. वास आणि साखर यांची एकच जोडी अनुभवलेल्या माशीची आठवण हळूहळू विरत जाते. काही मिनिटांच्या अंतराने तीनदा अनुभवलेल्या माशीची आठवण कित्येक दिवस टिकते. शिकवण्याच्या फेऱ्यांमधल्या विश्रांतीलाही महत्त्व आहे. 1994 मध्ये फळमाश्यांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दहा फेऱ्या लागोपाठ दिलेल्या माश्या आणि त्याच दहा फेऱ्या 15 मिनिटांच्या विश्रांतीने दिलेल्या माश्या यांची तुलना केली होती. नवी प्रथिनं तयार झाल्याशिवाय न बनणारी, आठवडाभर टिकणारी स्मृती फक्त विश्रांती मिळालेल्या माश्यांमध्ये दिसली.

मग अल्पकाळाच्या आठवणीचं दीर्घकाळाच्या आठवणीत रूपांतर करायचा हुकूम पेशीला देतं कोण? एक संशयित होता नायट्रिक ऑक्साइड. हा वायू आहे. तो पेशींच्या आवरणातून आरपार जातो आणि काही सेकंदांतच नाहीसा होतो. त्यामुळे तो साठवून ठेवता येत नाही, लागेल तेव्हा जागच्या जागी बनवावा लागतो. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवण्याचं काम नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे एन्झाइम करतं. म्हणजे एन्झाइम अडवलं की वायू बंद.

ते अडवायला एल-नेम नावाचं रसायन वापरतात. त्याची रचना आर्जिनिनसारखी असल्याने ते एन्झाइममधली आर्जिनिनची जागा अडवून बसतं. पण रसायन टोचल्यावर माशी विसरली, तर दोष एन्झाइम बंद पडण्याचा की परक्या रसायनाचा? यावरची तोड फार सुंदर आहे. याच रसायनाचं आरशातल्या प्रतिमेसारखं रूप, डी-नेम, दुसऱ्या गटाला टोचायचं. अणू तेच, संख्या तीच, पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही तसं ते एन्झाइममध्ये नीट बसत नाही. दोन गटांत फरक पडला, तर तो एन्झाइममुळेच, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

1996 मध्ये मधमाश्यांवर हा प्रयोग प्रसिद्ध झाला. एन्झाइम अडवलेल्या माश्या शिकताना इतरांइतक्याच हुशार होत्या. फेऱ्यांगणिक त्यांचा प्रतिसाद तसाच वाढत गेला. तीन फेऱ्यांनंतरची दुसऱ्या दिवशीची आठवण मात्र कमी पडली. शिकतानाच त्या मागे पडल्या असत्या, तर कदाचित त्यांना वासच नीट आला नसेल किंवा भूकच नसेल, अशी शंका घेता आली असती. शिकणं शाबूत आणि फक्त दीर्घकाळाची आठवण अधू, या निकालाने त्या शंकांना फारशी जागा उरली नाही.

तरीही अडवण्याच्या प्रयोगातून एवढंच कळतं की ही गोष्ट आवश्यक आहे. ती पुरेशी आहे का, आणि साखळीत तिची जागा कुठे, हे उरतंच. या विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रयोग नेमका इथे येतो. 2006 मध्ये जपानी संशोधकांनी तो रातकिड्यांवर केला. तहानलेल्या रातकिड्यांना पेपरमिंटचा वास आणि पाणी अशी जोडी शिकवायची, मग पेपरमिंट आणि व्हॅनिला यांतून ते कशापाशी जास्त वेळ घुटमळतात ते मोजायचं. एन्झाइम अडवल्यावर अनेक फेऱ्यांनंतरही दीर्घकाळाची स्मृती तयार झाली नाही. मग त्यांनी उलट केलं. एकच फेरी दिली, जिच्यातून एरवी टिकाऊ आठवण बनत नाही, पण त्याआधी नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन टोचलं. एका फेरीत दीर्घकाळाची स्मृती तयार झाली!

या वायूमुळे पेशीत सायक्लिक जीएमपी हा रेणू बनतो. स्मृतीसाठी सायक्लिक एएमपी हा दुसरा रेणूही लागतो, हे फळमाश्यांवरून आधीच माहीत होतं. या दोघांत आधी कोण? संशोधकांनी एक वाट बंद करून दुसरीत रेणू ओतला. एएमपीची वाट बंद असताना नायट्रिक ऑक्साइड देऊन उपयोग झाला नाही. नायट्रिक ऑक्साइडची वाट बंद असताना एएमपीसारखा रेणू दिला, तर स्मृती व्यवस्थित बनली. म्हणजे वायू आधी, एएमपी नंतर. मधली कडीही याच पद्धतीने सापडली: पेशीच्या आवरणातल्या, जीएमपीमुळे उघडणाऱ्या वाहिन्या (म्हणजे बारीक दारं) आणि कॅल्शियमला बांधणारं कॅल्मोड्युलिन हे प्रथिन. त्यांना अडवल्यावर जीएमपीचा परिणाम थांबला, एएमपीचा थांबला नाही. पेशी न उघडता, नुसतं काय अडवलं आणि काय टोचलं एवढ्यावरून आतल्या साखळीचा क्रम लावता येतो, याचं मला आजही नवल वाटतं.

टोचलेलं रसायन त्या एन्झाइमखेरीज आणखी कशालाही अडवत असू शकतं, ही या पद्धतीची मोठी मर्यादा. म्हणून 2009 मध्ये रातकिड्यांवरच वेगळा मार्ग वापरला गेला. त्या एन्झाइमच्या जनुकाशी जुळणारा दुहेरी धाग्याचा आरएनए टोचून एन्झाइम बनवण्याचा निरोपच पेशीत नष्ट केला. इथे एल-नेमचा काही संबंध नव्हता, तरी निकाल तोच आला: अर्ध्या तासानंतरची आठवण ठीक, दुसऱ्या दिवशीची कमी.