जुन्या व्हायोलिनची नवी मान

मैफलीत वाजणाऱ्या, स्ट्रॅडिव्हरी या इटालियन कारागिराच्या व्हायोलिनची मान, तारा आणि आतला बेसबार, म्हणजे वरच्या पाटीला आतून चिकटवलेली लांब लाकडी पट्टी, बहुधा स्ट्रॅडिव्हरीच्या हातचे नसतातच. ते नंतरच्या दुरुस्ती कारागिरांचं काम, आणि त्यांची नावं क्वचितच कुणी घेतं.

व्हायोलिनला ओळखीचा आकार आला तो १६व्या शतकाच्या मध्यावर, इटलीतल्या क्रेमोनामध्ये, आंद्रेआ आमातीच्या कारखान्यात. विद्या घरातच राहायची. १६३०च्या प्लेगनंतर मात्र त्याचा नातू निकोलो आमाती याने बाहेरची मुलं हाताखाली घेतली. आंद्रेआ ग्वार्नेरी त्यांतलाच. अंतोनियो स्ट्रॅडिव्हरी १७३७ साली गेला, आंद्रेआ ग्वार्नेरीचा नातू, 'देल जेझू' म्हणून ओळखला जाणारा कारागीर, १७४४ साली, आणि क्रेमोनाचा भर ओसरला.

खरी उलथापालथ झाली १८००च्या आसपास. सभागृहं मोठी झाली, भरदार आवाज हवा झाला, तारांचा ताण वाढला. मग जुन्या वाद्यांच्या आखूड माना कापून लांब, मागे कललेल्या माना बसवल्या गेल्या आणि बेसबार जाड झाले. गंमत म्हणजे मानेच्या टोकाचं शंखासारखं वळण कारागीर जपून ठेवत आणि नव्या मानेला जोडत. मूळ कारागिराचा हात तिथेच सर्वांत स्पष्ट दिसतो ना! या लाटेतून फारच थोडी वाद्यं सुटली. स्ट्रॅडिव्हरीने १६९० साली मेदिची घराण्यासाठी केलेला टेनर व्हायोला (व्हायोलिनपेक्षा मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) त्यांपैकी एक. तो फ्लॉरेन्समध्ये आहे.

एवढी कापाकापी जमली ती सरसामुळे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला हा सरस पक्का धरतो, पण ऊब आणि ओलावा मिळाला की सोडतोही. पातळ सुरी सांध्यात सरकवली की स्प्रूसच्या लाकडाची वरची पाटी मेपलच्या लाकडी कडांपासून सुटते. चीर सरसाने सांधायची, आतून लाकडाचे लहान तुकडे चिकटवायचे, पाटी परत बसवायची. शेवटी साउंडपोस्ट उभा करायचा. नुसती दाबाने उभी राहणारी ही बारीक काठी. इटालियनमध्ये तिला 'आनिमा' म्हणजे आत्मा म्हणतात. ती किंचित सरकली तरी आवाज बदलतो.

दुरुस्ती हीच अनेकांची शाळा ठरली. १८३३ साली नामवंत व्हायोलिनवादक पागानिनीने आपलं 'देल जेझू' व्हायोलिन पॅरिसमध्ये व्हीयोम या कारागिराकडे दुरुस्तीला दिलं. व्हीयोमने ते दुरुस्त केलंच, वर हुबेहूब नक्कलही घडवली. पुढे क्रेमोनामध्ये १९३८ साली व्हायोलिन घडवण्याची शाळा निघाली, आणि २०१२ साली तिथल्या कारागिरीला युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळालं.

आजचा दंडक असा, की केलेलं काम पुन्हा सोडवता आलं पाहिजे आणि मूळचं लाकूड शक्यतो जायला नको. पूर्वी 'सुधारणा' म्हणून कित्येक पाट्या आतून खरवडून पातळ केल्या गेल्या. तिथे आता पातळ लाकडी ठिगळ लावण्यावाचून इलाज नाही.