फोन आला की नेट बंद

टूजीवरच्या नेटच्या, म्हणजे जीपीआरएसच्या काळात मोबाइलवर एखादं गाणं उतरवायला लावलं की मी मित्रांना बजावून ठेवायचो, अर्धा तास कुणी फोन करू नका. मित्र ऐकायचे, आई कशी ऐकणार? ऐंशी टक्क्यांपर्यंत आलेलं गाणं तिच्या 'जेवायला किती वाजता येतोस?' या प्रश्नापुढे मान टाकायचं, आणि मग पुन्हा शून्यापासून सुरुवात. तेव्हा वाटायचं, हँडसेट स्वस्तातला म्हणून असं होतं. पण दोष हँडसेटचा नव्हता. नेटवर्क आखतानाच तसं ठरलेलं होतं.

जीएसएमच्या, म्हणजे त्या टूजी नेटवर्कच्या, एका वाहिनीची रुंदी २०० किलोहर्ट्झ, आणि तिच्या वेळेचे आठ तुकडे पाडलेले. बोलणाऱ्याला त्यातला एक तुकडा बोलणं संपेपर्यंत हक्काचा मिळतो. जीपीआरएसनं डेटासाठी वेगळी गाडी आणली नाही. रिझर्वेशनवाल्यांनी सोडलेल्या रिकाम्या सीटवर बसायचं, आणि रिझर्वेशनवाला आला की उठायचं. म्हणून संध्याकाळी सगळे फोनवर बोलू लागले की नेट रांगायचं. मानकात दोन्ही कामं एकदम करणारा 'क्लास ए' फोन होता, पण तो बनवायला महाग आणि किचकट. बाजारात आले ते बहुतेक 'क्लास बी': फोन घेतलात की डेटा थांबला.

ही अडचण सुटली थ्रीजीत, पण सगळ्यांची नाही. जपानच्या एनटीटी डोकोमोनं १ ऑक्टोबर २००१ रोजी टोकियो परिसरात 'फोमा' ही डब्ल्यूसीडीएमए या थ्रीजी तंत्रावरची जगातली पहिली व्यावसायिक सेवा सुरू केली. वाहिनी ५ मेगाहर्ट्झची. इथं वेळेचे तुकडे वाटायचे नाहीत. सगळे एकाच वेळी बोलतात, आणि कोणाचं बोलणं कोणतं हे प्रत्येकाच्या वेगळ्या संकेतावरून, म्हणजे कोडवरून, ओळखलं जातं. त्यामुळे एकाच फोनला आवाजासाठी एक आणि डेटासाठी दुसरी वाट देता येते. आवाजाला लागतात सेकंदाला जेमतेम १२.२ किलोबिट, डेटाला ३८४ पर्यंत. याची एक गंमतही होती. गर्दी वाढली की टॉवरचा पल्ला आक्रसायचा, त्यामुळे सकाळी भरपूर रेंज असलेल्या खिडकीत संध्याकाळी रेंज नाही, असं होऊ शकायचं.

क्वालकॉम या अमेरिकी कंपनीच्या वळणाच्या सीडीएमए नेटवर्कनी दुसरी वाट धरली. दक्षिण कोरियात एसके टेलिकॉमनं २००२ च्या सुरुवातीला ईव्ही-डीओ हे डेटाचं तंत्र आणलं. 'डीओ' म्हणजे मुळात 'डेटा ओन्ली'. नाव कानाला खटकतं म्हणून पुढे त्याचं 'डेटा ऑप्टिमाइझ्ड' झालं. विचार असा की आवाजाला थोडा पण अखंड पुरवठा लागतो आणि डेटाला मध्येच एकदम खूप, तर दोघांना एका घरात कोंबायचं कशाला? आवाज १.२५ मेगाहर्ट्झच्या एका वाहिनीवर, डेटा तेवढ्याच दुसऱ्या वाहिनीवर. डेटाच्या वाहिनीची सगळी ताकद एका क्षणी एकाच ग्राहकाला, तीही शक्यतो ज्याचा सिग्नल त्या क्षणी चांगला आहे त्याला. एवढ्याशा जागेत २.४ मेगाबिट! चौपट जागा घेणारं डब्ल्यूसीडीएमए तेव्हा ३८४ किलोबिटवर होतं. माझ्या मते अभियांत्रिकी म्हणून ही कल्पना सरसच होती. पुढे एचएसडीपीएनं, म्हणजे डब्ल्यूसीडीएमएच्या वेगवान आवृत्तीनं, नेमकी हीच उचलली. फक्त फोनमध्ये रेडिओ एकच, त्यामुळे कॉल घ्यायचा तर त्याला डेटाची वाहिनी सोडून आवाजाच्या वाहिनीवर जावं लागे.

अमेरिकेत हे फार बोचलं. फेब्रुवारी २०११ मध्ये सीडीएमएवरच्या व्हेरिझॉननं आयफोन आणला आणि 'बोलता बोलता नेट वापरायचं तर आमच्याकडे या' असा प्रचार डब्ल्यूसीडीएमएवरच्या एटी अँड टीनं सुरू केला. आपल्याकडे मात्र ईव्ही-डीओ बहुतेकांना भेटलं ते डोंगलच्या रूपात, टाटाच्या फोटॉन प्लसमध्ये किंवा रिलायन्सच्या नेटकनेक्टमध्ये. डोंगलवर बोलायला कोण जातंय? त्यामुळे ही उणीव आपल्याला फारशी कळलीच नाही. 'चालू फोनवर नेट' आपल्याकडे आलं ते डब्ल्यूसीडीएमएच्या थ्रीजीनं. दिल्लीत एमटीएनएलच्या थ्रीजीचं उद्घाटन ११ डिसेंबर २००८ ला झालं, २००९ मध्ये मुंबईचा नंबर लागला. खासगी कंपन्यांसाठीचा थ्रीजी स्पेक्ट्रमचा, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यांचा, लिलाव २०१० मध्ये ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. सरकारच्या पदरात सुमारे ६७,७१९ कोटी रुपये पडले, कंपन्यांच्या हाती जिंकलेल्या प्रत्येक सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार विभागात, जेमतेम ५ मेगाहर्ट्झ.

आणि मग आलं एलटीई, म्हणजे फोरजी, आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगवान आणि जन्मतः मुकं. १४ डिसेंबर २००९ ला स्टॉकहोम आणि ऑस्लोत टेलियासोनेरानं ते सुरू केलं तेव्हा ग्राहकाला मिळालं ते फक्त डोंगल. या नेटवर्कमध्ये सगळं पॅकेटनं, म्हणजे माहितीच्या छोट्या पुड्यांनी, चालतं, आवाजासाठी राखीव वाट मुळातच नाही. तात्पुरता उपाय निघाला: कॉल आला की नेटवर्क फोनला हळूच सांगणार, थ्रीजीवर जा. म्हणून नंबर लावल्यावर काही सेकंद सुन्न शांतता, आणि स्क्रीनवरच्या ४जीच्या जागी एच. थ्रीजी नसलेल्या गावात फोन टूजीवर आदळायचा, की झालं परत जीपीआरएसचं राज्य. अमेरिकेत फोनमध्ये दोन रेडिओ बसवूनही पाहिले. त्यातल्या एचटीसीच्या थंडरबोल्टची बॅटरी त्या काळी चेष्टेचा विषय झाली होती.

भारतात तर कागदोपत्रीही फोरजी मुकंच होतं. २०१० मध्येच वेगळ्या लिलावात विकलेल्या ब्रॉडबँड स्पेक्ट्रमवर इंटरनेट सेवेच्या परवान्यानं बोलण्याची सेवा देता येत नव्हती. २०१२ मध्ये कोलकाता, बंगळुरूनंतर पुण्यात एअरटेलचं फोरजी आलं तेही डोंगल आणि राउटरच्या रूपात. बावीसही सर्कलमध्ये हे स्पेक्ट्रम जिंकणारी इन्फोटेल ही कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजनं लगेच विकत घेतली होती. तिनं, म्हणजे आजच्या जिओनं, २०१३ मध्ये १,६५८ कोटी रुपये भरून एकीकृत परवाना घेतला आणि बोलण्याचा हक्क मिळवला.

तोवर आवाजाचीच पॅकेटं करून त्यांना रांगेत अग्रक्रम देणारं व्होल्टे तयार झालं होतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मेट्रोपीसीएसनं आणि कोरियातल्या कंपन्यांनी ते सुरू केलं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं तेव्हा त्याच्याकडे मागे पडायला टूजी नव्हतं, थ्रीजीही नव्हतं. व्होल्टे चालवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फोनमध्ये ते नसेल तर अ‍ॅप उघडून बोलायचं. कॉल फुकट देणं परवडलं त्यामागे धंद्याची गणितं होतीच, पण त्या नेटवर्कला आवाज म्हणजे डेटाचीच एक बारीकशी चिमूट होती, हेही खरं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्याकडे फाइव्हजी आलं, तेही अनेक ठिकाणी आवाजाची सोय मागाहून पाहू म्हणत. माझ्या फोनवर आजही रिंग वाजली की ५जी जातं आणि ४जी उमटतं. नेट मात्र चालू राहतं. आईचा प्रश्न तोच आहे.