आयटीआय झाले, आता पुढे? शिकाऊ उमेदवारी, थेट दुसऱ्या वर्षाची पदविका आणि लागणारी कागदपत्रे

चिपळूण, लांजा, मालवण, सावंतवाडी किंवा पेणच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलामुलींपुढे साधारण तीन वाटा असतात: शिकाऊ उमेदवारी, तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, किंवा सरळ नोकरी. पदविकेचा प्रवेश पुढच्या वर्षीही घेता येतो आणि नोकरी बदलता येते. शिकाऊ उमेदवारीचे तसे नाही. ज्याने ती आधी केली आहे किंवा जो ती सध्या करत आहे, त्याला रेल्वे, गोदी, महावितरण अशा बहुतेक ठिकाणच्या जाहिरातींत अपात्र धरतात. त्यामुळे निकालानंतरच्या आठवड्यात जी कंपनी बोलावील तिथे करार करून टाकणे महागात पडते. पहिला करार विचार करूनच करावा.

सगळ्यात आधी नाव जुळवा

अर्ज अडतात ते बहुतेक वेळा गुणांवरून नाही, नावावरून. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते, आधारवर स्वतःचे नाव आधी. एवढा फरक सहसा चालतो. पण वडिलांचे नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे आद्याक्षर, आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, किंवा जन्मतारखेत दिवस-महिन्याची उलटापालट झाली असेल तर पोर्टल आधार पडताळणीतच थांबते. दहावीचे प्रमाणपत्र मूळ धरावे आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्रात, म्हणजे आयटीआय उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रात, चूक असेल, तर तुमच्या आयटीआयच्या प्राचार्यांमार्फतच दुरुस्तीची मागणी पाठवावी लागते. सायबर कॅफेत ती होत नाही. हे काम निकालाच्या आधी, प्रशिक्षण चालू असतानाच करून घ्या. निकाल आणि गणपती जवळजवळ आले की कार्यालयांत माणसे भेटणे कठीण होते.

दुसरी गोष्ट बँक खात्याची. खाते आधारशी ‘जोडलेले’ असणे आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ‘सीड’ केलेले (म्हणजे सरकारी रक्कम याच खात्यात यावी म्हणून आधारवर नोंदवलेले) असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत केवायसीसाठी आधार दिले म्हणजे सरकारी रक्कम त्याच खात्यात येईलच असे नाही. ज्या खात्याचे सीडिंग सगळ्यात शेवटी झाले त्या खात्यात ती जाते, मग ते आईबरोबरचे जुने खाते का असेना. शाखेत जाऊन आधार सीडिंगचा अर्ज स्वतंत्र भरा.

शिकाऊ उमेदवारी

ही व्यवस्था १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली चालते. ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. कुडाळ किंवा मिरजोळे एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपलाही तुम्हाला रीतसर घेता येते, हे अनेक मालकांना माहीत नसते. त्यांना विचारायला हरकत नाही.

वयाची किमान अट १४ वर्षे, पण धोकादायक उद्योगात १८. लोटे परशुराम, महाड, रोहा-धाटाव इथल्या रासायनिक कारखान्यांत जायचे असेल तर ही अट आडवी येते, कारण दहावीनंतर लगेच आयटीआय केलेला मुलगा निकालाच्या वेळी जेमतेम अठराच्या उंबरठ्यावर असतो. काही महिने कमी पडत असतील तर तोवर थांबावे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन अशा दोन वर्षांच्या ट्रेडच्या आयटीआय उत्तीर्णाला साधारण एक वर्षाची उमेदवारी करावी लागते.

क्रम असा. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर स्वतःची नोंदणी करा. त्यासाठी आधार, मोबाइल, ई-मेल, दहावी आणि आयटीआयची गुणपत्रके, फोटो आणि बँक तपशील लागतात. नोंदणीला शुल्क नाही, कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. प्रोफाइल पूर्ण झाल्यावर मिळालेला नोंदणी क्रमांक जपून ठेवा. मग आस्थापना शोधून तिच्या जागेसाठी अर्ज करा. एसटी महामंडळ आणि महावितरणमध्ये इतक्यावर काम संपत नाही. पोर्टलवर अर्ज केल्यानंतर विभागीय किंवा मंडळ कार्यालयात छापील अर्ज आणि साक्षांकित प्रतीही मुदतीत द्याव्या लागतात. नुसता ऑनलाइन अर्ज करून घरी वाट बघणाऱ्यांची नावे इथेच गळतात. एसटीची विभागीय कार्यालये रत्नागिरी, सिंधुदुर्गासाठी कणकवली आणि रायगडसाठी पेणजवळ रामवाडी इथे आहेत.

निवड झाल्यावर आस्थापना पोर्टलवर करार तयार करते. उमेदवाराने तो स्वतःच्या लॉगिनमधून वाचून स्वीकारायचा. उमेदवार अल्पवयीन असेल तर पालकाची सही लागते. स्वीकारण्याआधी चार गोष्टी पाहा: ट्रेडचे नाव, कालावधी, विद्यावेतन, आणि ट्रेड ‘निर्देशित’ (सरकारने ठरवून दिलेला) आहे की ‘ऐच्छिक’ (आस्थापनेने स्वतः ठरवलेला). निर्देशित ट्रेडमध्ये शेवटी अखिल भारतीय परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते. रेल्वेत आणि सरकारी कंपन्यांत वजन असते ते याच कागदाला. फिटरचे आयटीआय करून ऐच्छिक गटातल्या भलत्याच नावाच्या ट्रेडचा करार केला तर वर्ष जाते आणि हा कागद हाती येत नाही.

२०१९ च्या नियमदुरुस्तीत आयटीआय प्रमाणपत्रधारकासाठी महिना किमान ७,००० रुपये विद्यावेतन धरले गेले. आस्थापना जास्त देऊ शकते, पण किमानपेक्षा कमी नाही. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के वाढ असते. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत खासगी आस्थापनेतल्या उमेदवाराच्या किमान विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, कमाल १,५०० रुपये, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरते. कंपनीकडून ७,००० ऐवजी ५,५०० आले म्हणून भांडायला जाण्याआधी उरलेले पैसे कुठल्या खात्यात गेले ते तपासा. मघाशी सांगितलेली सीडिंगची गोष्ट इथे लागू होते.

करार झाला आहे की आपण ठेकेदाराचे कामगार झालो आहोत, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. कायद्याने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, त्यामुळे त्याच्या विद्यावेतनातून भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही. तो कापला जात असेल आणि पोर्टलवर करार क्रमांक दिसत नसेल, तर ती नोकरी आहे, मग गेटपासवर ‘ॲप्रेंटिस’ लिहिलेले असो. नोकरी करणे वाईट नाही, पण तिथे वर्षभर घाम गाळून शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र मिळणार नाही. काम करताना इजा झाल्यास मात्र शिकाऊ उमेदवारालाही नुकसानभरपाईच्या कायद्याचे संरक्षण आहे. आणि हेही स्पष्ट असू द्या: करारात वेगळे लिहिलेले नसेल तर उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नसते.

ट्रेडनुसार विचार केला तर अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट किंवा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालेल्यांना लोटे, महाड, रोहा आणि थळचा खत कारखाना जवळचा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांनी डोलवीचा पोलाद कारखाना आणि जयगडचे बंदर व वीज प्रकल्प पाहावेत. मुंबईला राहण्याची सोय असेल, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत दिवा-नालासोपाऱ्याला काका-मामा असतोच, तर मध्य रेल्वे, माझगाव गोदी आणि नौदल गोदी यांच्या जाहिरातींची वाट पाहणे फायद्याचे. मध्य रेल्वेत परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी काढून गुणवत्ता यादी लागते. दहावीला किमान ५० टक्के आणि वय १५ ते २४ अशी अट असते. रेल्वेत उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी पुढे लेव्हल-१ च्या (सर्वांत खालच्या वेतनस्तरातील पदांच्या) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. कोकणातल्या मुलांनी पहिला करार करताना हा आकडा जरूर लक्षात घ्यावा.

थेट दुसऱ्या वर्षाची पदविका

दहावी अधिक संबंधित शाखेचा दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड अशी पात्रता असेल तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. वेल्डर, कोपा (संगणक चालवण्याचा ट्रेड), प्लंबर हे एक वर्षाचे ट्रेड इथे चालत नाहीत. त्यांनी दहावीच्या गुणांवर पहिल्या वर्षाला अर्ज करावा. वायरमनला आठवीवर प्रवेश मिळतो, त्यामुळे दहावी न करता वायरमन झालेल्याने दोन वर्षांचा ट्रेड असूनही इथे थेट अर्ज करू नये. त्याला आधी दहावी पूर्ण करावी लागेल.

प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, तक्रार, अंतिम यादी, पसंतीक्रम, जागावाटप, जागा स्वीकारून शुल्क भरणे आणि मग संस्थेत हजर होणे, असा हा प्रवास आहे. तात्पुरत्या यादीत स्वतःचा प्रवर्ग आणि गुण तपासणे चुकवू नका, अंतिम यादी लागल्यावर दुरुस्ती होत नाही. पसंतीक्रमाची छपाई काढून घरच्यांसोबत बसून तपासा. रत्नागिरी, मालवण आणि पेणला शासकीय तंत्रनिकेतने आहेत. पहिल्या पसंतीला मिळालेली जागा पक्की धरली जाते, म्हणून नको असलेली शाखा ‘भरून ठेवू’ म्हणत पहिल्या क्रमांकावर टाकू नये.

कागदपत्रांत दहावी आणि आयटीआयची गुणपत्रके, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आणि प्रवर्गानुसार जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र लागते. नॉन-क्रीमीलेयर चालू शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असले पाहिजे. गेल्या वर्षीचे दाखवून चालत नाही. कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागेसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडा. जात वैधतेचा अर्ज आयटीआयमध्ये असतानाच संस्थेच्या पत्रासह करून ठेवावा. ते प्रमाणपत्र आठवड्या-पंधरा दिवसांत हाती पडत नाही.

प्रवेश मिळाल्यावर खरी अडचण गणिताची. हाताने उत्तम काम करणारी मुले पहिल्याच सत्रात अडतात, कारण पहिल्या वर्षाचे त्रिकोणमिती आणि कलन त्यांनी शिकलेलेच नसते. जुलै-ऑगस्टचे मोकळे दिवस त्यासाठी वापरा.

बारावीचा प्रश्न, आणि निदेशक व्हायचे असेल तर

दहावीनंतर दोन वर्षांचे आयटीआय केलेल्यांना राज्य मंडळाकडे गुणांच्या श्रेयांतराची सोय आहे. बारावीचा अर्ज भरताना तिचा पर्याय निवडून भाषा विषयांची परीक्षा द्यायची आणि बाकी श्रेय आयटीआयच्या गुणांतून घ्यायचे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्यांसाठी कोकण विभागीय मंडळ, रायगडसाठी मुंबई विभाग. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातो. आयटीआयमध्येच शिकवायची इच्छा असेल तर राष्ट्रीय प्रमाणपत्रानंतर एक वर्षाचा शिल्प निदेशक प्रशिक्षण अभ्यासक्रम करावा. तो मुंबईत चुनाभट्टीच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेत आहे.

थेट नोकरी

महास्वयम् पोर्टलवर नोंदणी करा आणि ती चालू ठेवा. महावितरणची विद्युत सहायक भरती इलेक्ट्रिशियन व वायरमनसाठी आहे: तीन वर्षे ठरावीक मानधन, नंतर तंत्रज्ञ. कोकण रेल्वेच्या भरतीत प्रकल्पासाठी जमीन गेलेल्या कुटुंबांना प्राधान्य असते. ही जमीन १९९० च्या दशकात, बहुधा आजोबांच्या नावावर असताना गेली. त्यामुळे भूसंपादनाच्या निवाड्याची प्रत, त्या काळचा सातबारा आणि आजोबांपासून तुमच्यापर्यंतचे नाते दाखवणारी वंशावळ हे कागद लागतात. एकत्र कुटुंबात ते मूळ कागद मुंबईला चुलत्यांच्या कपाटात असण्याची शक्यता मोठी. जाहिरातीची वाट न पाहता मे महिन्यात किंवा गणपतीला सगळे गावी जमतात तेव्हाच त्यांच्या प्रती काढून घ्या. निवाड्याची प्रत घरात कुणाकडेच नसेल तर उपविभागीय अधिकारी कार्यालयातल्या भूसंपादन शाखेत गाव आणि गट क्रमांक देऊन नक्कलेचा अर्ज करावा.