कट्ट्यावरच्या डावापासून रेटिंगपर्यंत: आपल्या बुद्धिबळ क्लबांची पार्श्वभूमी

आमच्या क्लबात एक काका आहेत. डाव संपल्यावर चाली सांगायला लागले की अजूनही 'पॉन टू किंग फोर' म्हणतात आणि समोर बसलेला दहा वर्षांचा मुलगा विचारतो, म्हणजे ई-फोर ना काका? दोघं एकाच चालीबद्दल बोलत असतात. काका शिकले तेव्हा प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूने घरं मोजायचा, त्यामुळे एकच घर पांढऱ्यासाठी किंग फोर आणि काळ्यासाठी किंग फाईव्ह, आणि चाली लिहिताना हमखास गोंधळ व्हायचा. १९८१ पासून फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, फक्त ए ते एच आणि १ ते ८ वालीच पद्धत मान्य केली आणि जुनी पद्धत हळूहळू काकांच्या पिढीपुरती उरली.

क्लबात नव्याने येणारे पालक खूप प्रश्न विचारतात. माझ्या मुलाने चार डाव जिंकले तरी तो खाली का, हरल्यावर हरलेल्याशीच का खेळायला लावलं, रेटिंग म्हणजे नक्की काय, आणि एवढ्या मोठ्या माणसांबरोबर लहान मुलं कशी काय बसवता? ह्यातल्या प्रत्येक गोष्टीला मागचा इतिहास आहे आणि तो कुठे एकत्र सापडत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी नावापासून. हिंदीत शतरंज म्हणतात, आपण बुद्धिबळ म्हणतो, आणि हा शब्द काही हल्ली तयार केलेला नाही. सतराव्या शतकात काशीत नीलकंठ भट्ट होऊन गेले, मूळचं पैठणचं घराणं, त्यांच्या धर्मशास्त्राच्या मोठ्या ग्रंथात नीतिमयूख नावाचा भाग आहे आणि त्यात ह्या खेळाचं वर्णन बुद्धिबल ह्याच नावाने येतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण राजनीतीच्या ग्रंथात खेळाला जागा मिळाली आणि तो शब्द आपल्या घराघरात टिकला.

पण त्या काळात इथे खेळला जाणारा डाव आणि आज क्लबात खेळतो तो डाव ह्यात बराच फरक होता. देशी पद्धतीत प्यादं पहिल्या चालीलाही साधारण एकच घर जायचं, कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, नव्हतं, त्याऐवजी राजाला शह बसला नसेल तर एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. दोन्ही राजे समोरासमोर नसायचे, राजासमोर वजीर असायचा. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते ज्या उभ्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचं मोहरं व्हायचं, म्हणजे घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती, सरळ वजीर नाही. समोरच्याचा एकटा राजा उरला तर बुर्ज, म्हणजे डाव पूर्ण जिंकला असं धरायचे नाहीत. आणि प्याद्याने मात करणं हा सगळ्यात मोठा मान. हे सगळं पुन्हा गावागणिक बदलायचं, त्यामुळे एका गावचा पट्टीचा खेळाडू दुसऱ्या गावात गेला तर आधी नियम ठरवण्यातच वेळ जायचा. स्पर्धा घ्यायची तर हीच खरी अडचण होती.

ह्या देशी खेळाची एक आठवण मात्र जगभर राहिली. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, तगडा खेळाडू, त्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली खेळाडू भेटला आणि दोघांनी पुढे कित्येक वर्षं शेकडो डाव खेळले. बॅनर्जींना प्यादं एक-एक घर चालवायची आणि उंट बाजूच्या मोठ्या तिरक्या रेषेवर ठेवायची सवय. आज आपल्या क्लबातला एखादा मुलगा डावाच्या सुरुवातीला काळ्याकडून किंग्ज इंडियन किंवा ग्रुनफेल्ड बचाव खेळतो ना, त्या प्रकारची मांडणी बॅनर्जींच्या डावांत दिसते, आणि 'इंडियन डिफेन्स' हे नाव अशाच भारतीय खेळाडूंच्या सवयीवरून पडलं.

मग सुलतान खान. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा, नऊ वर्षांचा असताना वडिलांकडून देशी खेळ शिकलेला, सर उमर हयात खान ह्यांच्या आश्रयाला होता. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकला, १९२९ मध्ये लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन, पुढे १९३२ आणि १९३३ लाही. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. पाश्चात्त्य नियम त्याने मोठेपणी शिकले होते, ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींची, पुस्तकं वाचलेली नव्हती. १९३३ च्या शेवटी मालकाबरोबर परत आला आणि मोठ्या स्पर्धांमधून दिसेनासा झाला. त्याला मानद ग्रँडमास्टर किताब फिडेने दिला तो २०२४ मध्ये, मरणोत्तर. मला हे वाचताना दर वेळी वाटतं की त्याला आश्रयदाता होता पण क्लब नव्हता, परत आल्यावर रोज बसून खेळायला बरोबरीची चार माणसं नव्हती, स्पर्धा नव्हत्या, म्हणून एवढा मोठा खेळ तिथेच थांबला.

आणि म्हणूनच मला सांगलीची गोष्ट एवढी महत्त्वाची वाटते. सांगली म्हणजे नाट्यपंढरी, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवर केलं ते इथेच, पण बुद्धिबळवाल्यांसाठी ती बुद्धिबळाचीही पंढरी आहे. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर ह्यांनी इथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केलं. ह्या वर्षाकडे जरा नीट बघा, अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला १९५१ मध्ये, म्हणजे देशाची संघटना व्हायच्या दहा वर्षं आधी एका संस्थानी गावात मंडळ उभं होतं. भाऊसाहेबांनी आयुष्य ह्यात घातलं, स्पर्धा भरवल्या, मुलांना शिकवलं, आणि मुलींना शिकवलं हे मुद्दाम वेगळं लिहितो कारण त्या काळात ते अजिबात साधं नव्हतं. पुढे ह्याच सांगलीतून स्वाती घाटे वुमन ग्रँडमास्टर झाली. मंडळाच्या स्पर्धांना बाहेरगावचे खेळाडू वर्षानुवर्षं येत राहिले, बाबूकाका शिरगावकर आणि मीनाताई शिरगावकर ह्यांच्या नावाच्या स्पर्धा तर रेटिंगवाल्या सगळ्यांना माहीत असतात.

पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रात एलुरूला झाली आणि तिचं विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या ह्यांनी विभागून घेतलं. मॅन्युएल एरन १९६१ मध्ये देशाचे पहिले इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या खालचा किताब) झाले आणि दुसरे, व्ही. रविकुमार, थेट १९७८ ला. मधली सतरा वर्षं रिकामी! ह्या सतरा वर्षांत खेळ चालू राहिला तो कुणाच्या जिवावर, तर अशाच मंडळांच्या, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर किंवा शाळेच्या वर्गात संध्याकाळी पट मांडणाऱ्या लोकांच्या, ज्यांना त्यातून काहीच मिळणार नव्हतं. १९७२ मध्ये मद्रासला सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रात ताल चेस क्लब निघाला, तिथे विश्वनाथन आनंद लहानपणी ब्लिट्झ, म्हणजे काही मिनिटांचे झटपट डाव, खेळायचा, जिंकेल तो बसून राहणार आणि हरेल तो उठून पुन्हा रांगेत. आपल्याकडच्या क्लबांत अजूनही संध्याकाळी हीच पद्धत असते आणि लहान मुलं पटापट सुधारतात ती बहुतेक ह्या रांगेमुळेच असं माझं मत आहे.

महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ ला सुरू झाली आणि पहिली तीन वर्षं विजेतेपद एकाच घरात, मुंबईच्या खाडिलकर बहिणी, १९७४ वासंती, १९७५ जयश्री, १९७६ रोहिणी, आणि रोहिणी तेव्हा तेरा वर्षांची. ह्यांचे पणजोबा नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, मूळचे सांगलीचेच. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा प्रचंड वाद झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे ह्यांना सांगावं लागलं की महिलांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून अडवता येणार नाही. आज आमच्या स्पर्धेत आठ वर्षांची मुलगी पन्नाशीच्या माणसासमोर बसते आणि कुणी मान वर करून बघतही नाही, त्यामागे त्या तेरा वर्षांच्या मुलीची ती केस आहे. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा क्लबात पेढे वाटताना मी हीच गोष्ट सांगितली होती.

आता स्पर्धेच्या यंत्रणेकडे येऊ. घड्याळ आधी नव्हतंच, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या स्पर्धेत वेळेचं बंधन नव्हतं आणि काही खेळाडू एकेका चालीला एवढा वेळ घ्यायचे की समोरचे हैराण. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश ह्या खेळाडूंनी वाळूची घड्याळं लावून सामना खेळला, आणि १८८३ ला लंडनमध्ये मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने बनवलेलं जोडघड्याळ आलं, एक थांबलं की दुसरं चालू. आपण खेळायला लागलो तेव्हा चावीचं घड्याळ होतं आणि क्लबात ती मोजकीच असायची, म्हणून पहिल्या काही बोर्डांनाच मिळायची. हल्लीच्या डिजिटल घड्याळात प्रत्येक चालीला तीस सेकंद वाढतात ती कल्पना बॉबी फिशरची, १९८९ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. वरवर छोटी गोष्ट वाटते पण जिंकलेला डाव फक्त वेळ संपली म्हणून गमावणं ह्यामुळे खूप कमी झालं.

आणि पेअरिंग, म्हणजे कुठल्या फेरीत कोण कुणाशी खेळणार. पालकांचा सगळ्यात जास्त राग ह्यावर असतो. समजा चाळीस खेळाडू आहेत, प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर ३९ फेऱ्या आणि ७८० डाव लागतील, शनिवार-रविवारच्या स्पर्धेत हे शक्यच नाही. नॉकआउट घेतलं तर पहिल्याच फेरीत वीस जण घरी, आणि सकाळी एसटीने आलेल्या मुलाला अकरा वाजता परत पाठवायचं का? ह्याचं उत्तर १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिचला ज्युलियस म्युलर नावाच्या माणसाने काढलं, म्हणून त्याला स्विस लीग म्हणतात. कुणी बाहेर पडत नाही, प्रत्येक फेरीत साधारण तेवढेच पॉइंट असलेल्याशी खेळायचं, सात फेऱ्या, १४० डाव, संपलं. म्हणून हरलेला हरलेल्याशी खेळतो, ती शिक्षा नाही, उलट त्याला बरोबरीचा डाव मिळावा म्हणून आहे. समान पॉइंट झाले की बुखोल्झ बघतात, म्हणजे तुमच्या प्रतिस्पर्ध्यांनी मिळून किती पॉइंट केले, ही पद्धत १९३२ ची. त्यामुळेच शेवटच्या फेरीत मुलं भिंतीजवळ उभी राहून आपण ज्यांना हरवलं तेच आता जिंकावेत म्हणून मनापासून वाट बघत असतात, मला हे दृश्य फार आवडतं.

रेटिंगची, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्याची, गोष्ट वेगळी आहे, कारण त्याने क्लबाचं वातावरणच बदललं. आर्पाड एलो हे अमेरिकेत मिलवॉकीला फिजिक्सचे प्रोफेसर, त्यांची पद्धत अमेरिकन संघटनेने १९६० ला आणि फिडेने १९७० ला स्वीकारली. तुमचं आणि समोरच्याचं रेटिंग ह्यातल्या फरकावरून तुमच्याकडून किती अपेक्षा आहे ते ठरतं, २०० चा फरक असेल तर वरच्याकडून साधारण ७६ टक्के पॉइंटची. पण सुरुवातीला ही यादी आपल्यासारख्यांसाठी नव्हतीच, पुरुषांना २२०० च्या खाली रेटिंगच नव्हतं, क्लबातले सगळे अनरेटेड आणि कोण कुठल्या पायरीवर आहे ते सगळ्यांना नुसतं माहीत असायचं. मग ही मर्यादा २००० झाली, पुढे खाली खाली येत २०१२ मध्ये १००० पर्यंत आली आणि त्यानंतर मुलांची अक्षरशः रांग लागली.

ह्यात मोठ्यांना एक अडचण आली. एका डावाने रेटिंग किती हलणार ते के फॅक्टर नावाच्या आकड्यावर ठरतं, अठराच्या आतल्या मुलांना तो ४० असतो, जुन्या मोठ्या खेळाडूंना २०. म्हणजे १७०० चा माणूस १५०० च्या मुलाकडून हरला तर त्याचे १५ पॉइंट जातात आणि मुलाला ३० मिळतात. त्यात कोविडच्या काळात मुलं घरी बसून ऑनलाइन प्रचंड खेळली, शिकली, पण रेटिंग जुनंच राहिलं, स्पर्धा परत सुरू झाल्यावर ११०० चा मुलगा प्रत्यक्षात १६०० चा खेळ करत होता. आमचे कितीतरी जुने सभासद ह्यामुळे रेटिंग स्पर्धा टाळायला लागले, काही तर क्लबात यायचेही बंद झाले, आणि ह्याचं मला खरंच वाईट वाटतं कारण मुलांना एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा, शिकवणारी तीच माणसं होती.

शेवटी १ मार्च २०२४ ला फिडेने किमान रेटिंग १००० वरून १४०० केलं आणि २००० च्या खालच्या सगळ्यांना एकदाच वाढ दिली, २००० पर्यंत जेवढं कमी असेल त्याच्या चाळीस टक्के. म्हणजे १००० चा १४०० झाला, १५०० चा १७००. काकांचं १२१२ होतं, त्या दिवशी १५२७ झालं, त्यांनी फोन करून दोनदा खात्री करून घेतली. नवीन मुलांसाठीही हिशोब बदलला, पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी पाच डाव लागतात आणि त्यात आता १८०० च्या दोन काल्पनिक खेळाडूंशी बरोबरी झाली असं धरून गणित करतात, म्हणून पहिलं रेटिंग पूर्वीपेक्षा वर दिसतं आणि पुढच्या दोन-तीन स्पर्धांत ते थोडं उतरू शकतं, तेव्हा पालकांनी घाबरून लगेच क्लास बदलू नये.