झोक्याची दोरी आणि गाण्याचा ठेका

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेली बहीण झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणत होती आणि तिची चार वर्षांची पोर ओट्यावरून टाळ्या वाजवत होती. टाळी एकदाही जागेवर पडेना. मग तिने हट्ट धरला, "माय, माले बी!" बहिणीने तिला मांडीवर घेतलं. पाच-सहा हेलकावे झाले असतील, ओळीच्या शेवटचा 'वं माय' पोर नेमक्या ठेक्यावर म्हणायला लागली. बाकीच्या गाण्यातला एक शब्दही तिला येत नव्हता.

ओट्यावर जे जमलं नाही ते झोक्यावर कसं जमलं? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात याचा धागा सापडतो. सात महिन्यांच्या बाळांना त्यांनी एक सपाट ताल ऐकवला, त्यात कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हिंदकळवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर दिलेले ताल ऐकवले, तेव्हा ज्या ठेक्यावर अंग हललं होतं तोच ताल बाळं जास्त वेळ ऐकत राहिली. डोळे बांधूनही हेच घडलं. दुसऱ्याला हिंदकळताना नुसतं पाहिलेल्या बाळांच्या बाबतीत मात्र हा परिणाम दिसला नाही. तोल सांभाळणारं इंद्रिय कानाच्या आत, ऐकण्याच्या इंद्रियाला लागूनच असतं. ताल कळायला त्याचीही मदत होते.

झोक्याची खरी गंमत त्याच्या दोरीत आहे. फांदीपासून बसणाऱ्याच्या अंगाच्या मध्यापर्यंत १ मीटर अंतर असेल, तर जाऊन परत यायला साधारण २ सेकंद लागतात. ४ मीटर असेल तर ४ सेकंद. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वजनाने यात फरक पडत नाही, चार वर्षांची पोर बसली काय नि तिची आत्या बसली काय. थोडा जोरात झोका घेतला तरी वेळ जवळपास तोच. म्हणजे गाण्याची लय ठरवते ती फांदीची उंची! उंच लिंबावरची गाणी संथ, लांब हेल काढत चालतात आणि दारातल्या छोट्या झोक्यावर तीच गाणी लगबगीची होतात, हे आमच्या आयाबायांना घड्याळाशिवाय ठाऊक होतं. घरी झोका नसला तरी अडत नाही. साडीच्या झोळीला किंवा मांडीवर डुलवताना एका हेलकाव्याला एक ओळ म्हणा, मग दोरी आखडून तेच गाणं पुन्हा. पोराला फरक सांगावा लागत नाही.

मोबाइलवर गाणं लावून पोराला समोर बसवण्याने हे साधत नाही, असं माझं ठाम मत आहे. जर्मनीतल्या किर्शनर आणि टोमासेलो यांनी २००९ साली दाखवलं की अडीच ते साडेचार वर्षांची मुलं यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाबरोबर ढोल वाजवताना ठेका चांगला धरतात. तेव्हा उलटं पातेलं घ्या, पोराला दुसरं द्या आणि समोर बसा.

उन्हाळ्याची चाहूल लागली की आमच्याकडे दहानंतर पोरांना बाहेर सोडवत नाही. दुपार घरात जाते, तेव्हा पाण्याचा खेळ काढावा. तीन सारख्या काचेच्या बाटल्यांत कमी-जास्त पाणी भरून लाकडी चमच्याने हलकेच वाजवा. जास्त पाण्याची बाटली खालचा सूर देते, कारण पाण्याच्या भाराने काच सावकाश थरथरते. आता त्याच बाटल्यांच्या तोंडावरून फुंका. क्रम उलटतो, भरलेली बाटली वरच्या सुरात बोलते! या वेळी थरथरते ती आतली हवा, आणि भरलेल्या बाटलीत हवा थोडी उरते. माझ्या भाचीने हे ऐकून तिन्ही बाटल्या पाच वेळा तपासल्या, तरी तिचा विश्वास बसेना. मोठ्यांचाही लगेच बसत नाही.

चैत्रात पिंपळाला तांबूस, लवचीक पालवी येते. एक कोवळं पान गुंडाळून नळी करा, एक टोक चिमटून चपटं करा आणि फुंका. चपट्या टोकाच्या कडा भराभर उघडमिट करतात आणि पिपाणी वाजते. सनईची पत्ती याच तत्त्वावर बोलते. पहिली दोन-चार पानं फाटतील, फाटू द्या.

आणि पहाटे पोराला उठवून गच्चीवर न्या. कुहू-कुहू करणारा कोकीळ नर असतो आणि त्याची प्रत्येक हाक आधीच्या हाकेपेक्षा थोडी वर चढते. पोराचा हात गुडघ्यापाशी ठेवा, प्रत्येक कुहूला वर न्यायला सांगा. हात डोक्यावर पोचेपर्यंत कोकीळ गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरू करतो.