बायोलॉजिक औषधे आणि फुप्फुसांचे विरळ उपद्रव

संधिवात, त्वचेचा सोरायसिस, आतड्यांचा क्रोन आजार यांसारख्या विकारांत शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. अशा विकारांत दाह घडवणारा एखादा नेमका रेणू किंवा पेशी रोखण्यासाठी जिवंत पेशींकडून तयार करून घेतलेल्या प्रथिनरूप औषधांना बायोलॉजिक औषधे म्हणतात. इन्फ्लिक्सिमॅब आणि एटॅनर्सेप्ट यांना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली, तर अडॅलिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती २०१४ मध्ये बाजारात आली. आखडलेली बोटे या औषधांनी पुन्हा चालू लागतात. म्हणूनच त्यांचे फुप्फुसांवरील दुष्परिणाम भीतीपोटी फुगवू नयेत, पण दृष्टिआडही करू नयेत.

क्षयरोग हा यांतला सर्वांत परिचित धोका असून आपल्याकडे तो विरळ म्हणता येत नाही. सुप्त जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या पेशींच्या गाठी टीएनएफ या दाहकारक रेणूच्या आधारावर टिकतात आणि वरील तिन्ही औषधांनी तोच रोखला की कोंडी फुटते. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० क्षयरुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच आजार जडला होता. त्यामुळे उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षय शोधणारी माँटू (त्वचेवरील) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी करतात.

खरोखर विरळ उपद्रव वेगळे आहेत. फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती सुजून पुढे जाड व कडक होणे हा त्यांतला सर्वांत गंभीर होय. उतारवय, आधीपासूनची फुप्फुसांची इजा आणि सोबत चालू असलेले मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध यांमुळे त्याची शक्यता वाढते. टीएनएफरोधकांमुळे, विशेषतः एटॅनर्सेप्टमुळे, क्वचित सारकॉइडोसिस या आजारात होतात तशा दाहाच्या गाठी होतात, तर बी पेशींवर काम करणाऱ्या रिटुक्सिमॅब या बायोलॉजिकनंतर संसर्गाविना न्यूमोनियासारखे चित्र दिसू शकते.

वायुकोशांच्या या उपद्रवाची सुरुवात साधी असते. आठवडे न हटणारा कोरडा खोकला येतो आणि ठाणे स्थानकाच्या पुलाचा नेहमीचा जिना चढताना मध्येच थांबावे लागते. पाठीच्या खालच्या भागावर स्टेथोस्कोप ठेवला, तर व्हेल्क्रोची पट्टी उलगडावी तसा बारीक चरचराट ऐकू येतो. बसल्या जागी ऑक्सिजन ठीक दिसतो, पण चालल्यावर उतरतो.

निदान मात्र अवघड असते, कारण मूळ संधिवात, जंतुसंसर्ग आणि औषध ही तिन्ही कारणे सीटी स्कॅनवर सारखीच दिसू शकतात. ठाणे, ऐरोली, वाशीच्या गृहसंकुलांत चौथे कारणही विचारात घ्यावे लागते. बाल्कनीत, एसीच्या पेटीमागे साचणाऱ्या कबुतरांच्या विष्ठेने होणारा ॲलर्जिक फुप्फुसदाह असाच दिसतो, तेव्हा घराच्या खिडकीची चौकशी रक्ततपासणीइतकीच मोलाची ठरते. पावसाळ्यातला खोकला म्हणून महिना दवडणे या रुग्णांना परवडत नाही.

उपचारात बायोलॉजिक औषध थांबवतात आणि थुंकी किंवा ब्राँकोस्कोपीने (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) घेतलेले नमुने तपासून संसर्ग वगळल्यावर स्टेरॉइड देतात. हा क्रम उलटला, तर दडलेला क्षय बळावतो. अडॅलिमुमॅबचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे इंजेक्शन थांबल्यावरही देखरेख काही महिने चालू ठेवावी लागते.